हायस्कूल गोल्फ संघाचं ट्रायआउट: कॅलिफोर्नियात पात्रता, कागदपत्रं आणि तयारी

कॅलिफोर्नियात मुलींचा शालेय गोल्फ हंगाम शरद ऋतूत असतो आणि मुलांचा वसंत ऋतूत. त्यामुळे मुलींची ट्रायआउट (संघनिवडीची चाचणी) बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये, शाळा उघडण्याच्या आसपास होतात, तर मुलांची साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. मुलींच्या पालकांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं. जून-जुलै भारतात काढून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परतलं, तर डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत ट्रायआउट उरकलेली असते. अशा वेळी कागदपत्रांचं काम मे महिन्यातच संपवून विमानात बसावं. शाळेत मुलींचा वेगळा संघ नसेल, तर मुलीला वसंतात मुलांच्या संघासाठी उतरता येतं का, हे अ‍ॅथलेटिक डिरेक्टरला (शाळेच्या क्रीडाप्रमुखाला) विचारा.

पात्रता

शालेय खेळांचे नियम कॅलिफोर्निया इंटरस्कोलॅस्टिक फेडरेशन, म्हणजे सीआयएफ ठरवते. १५ जूनच्या आधी वयाची १९ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. नववीत पहिल्यांदा नाव घातल्यापासून सलग आठ सत्रंच खेळता येतं. अभ्यासाची अट म्हणजे ४.० पैकी किमान २.० जीपीए (गुणांची सरासरी) आणि मागच्या सत्रात २० क्रेडिट उत्तीर्ण. काही शालेय जिल्हे याहून कडक असतात.

मूल एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर संघात घेतील का, असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. त्या व्हिसावर शाळेत शिकता येतं, आणि शाळेच्या संघात खेळणं ही काही नोकरी नव्हे. खरी अडचण येते ती शाळा बदलल्यावर. नववीला सुरुवातीलाच त्या शाळेत नाव घातलं असेल तर प्रश्न उद्भवत नाही. दहावी-अकरावीत बदली झाली तर मात्र ट्रान्सफरचे कागद भरावे लागतात. सगळं कुटुंब नव्या पत्त्यावर राहायला आलं असेल तर ते सहसा सोपं जातं. मूल एकटंच काका-मावशीकडे राहून शिकत असेल, किंवा आई एका गावात आणि वडील दुसऱ्या गावात असतील, तर चौकशी होते आणि काही आठवडे सामन्यांबाहेर बसावं लागू शकतं. अशा घरांनी ट्रायआउटच्या दोन महिने आधी अ‍ॅथलेटिक डिरेक्टरला भेटावं.

कागदपत्रं

खेळण्याच्या परवानगीसाठी भरायच्या सगळ्या कागदांना शाळेत ‘अ‍ॅथलेटिक क्लिअरन्स’ म्हणतात. बऱ्याच शाळा ते होम कॅम्पस या कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरून घेतात. पालक आणि विद्यार्थी दोघांच्याही सह्या लागतात, आणि अर्ज अडकतो तो बहुधा मुलाची सही राहून गेल्यामुळे. क्लिअरन्स नसेल तर प्रशिक्षक मुलाला मैदानावर उतरू देत नाहीत, मग त्याचा स्कोअर कितीही चांगला असो.

पहिला कागद म्हणजे शारीरिक तपासणीचा फॉर्म. ही तपासणी दरवर्षी करावी लागते. शाळेचाच छापील फॉर्म डॉक्टरकडे न्या. भारतातून आणलेलं फिटनेस सर्टिफिकेट सहसा चालत नाही. फॉर्मच्या इतिहासाच्या पानावर छातीत दुखणं, चक्कर, घरात कमी वयात हृदयविकाराने झालेला मृत्यू असे प्रश्न असतात. आजोबा-काकांची माहिती आठवून खरी लिहा; सगळीकडे ‘नाही’वर खूण करत सुटू नका. विम्यात वर्षाला एकच मोफत तपासणी असते, म्हणून वार्षिक तपासणीला जातानाच हा फॉर्म सोबत ठेवा. तपासणीची मुदत हंगामाच्या मधेच संपणार नाही ना, तेही बघा. संपली की खेळ थांबतो.

दुसरा कागद विम्याचा. कायद्याप्रमाणे खेळाडूला किमान १,५०० डॉलरचं वैद्यकीय संरक्षण हवं. विमा कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. बाकी डोक्याला मार, अचानक हृदय बंद पडणं आणि ओपिऑइड औषधं (व्यसन लावू शकणारी तीव्र वेदनाशामकं) यांविषयीची माहितीपत्रकं वाचून सह्या करायच्या. सरकारी शाळेला संघात घेण्यासाठी सक्तीची फी आकारता येत नाही. मागितली जाते ती ऐच्छिक देणगी असते.

मैदानावर

ट्रायआउट किती दिवसांची, ते प्रशिक्षक ठरवतात. साधारणपणे थोडा वेळ रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या जागी) आणि पटिंग ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) जातो, आणि खरा निर्णय ९ होलच्या दोन-चार फेऱ्यांतल्या फटक्यांच्या बेरजेवर होतो; जितके कमी फटके, तितकं चांगलं. ९ होलचं पार (अपेक्षित फटके) सहसा ३६ असतं. जिथे चुरस मोठी, तिथे वर्सिटीसाठी (शाळेच्या मुख्य संघासाठी) चाळीसच्या आतबाहेरचा स्कोअर लागतो. ज्युनिअर वर्सिटीत (दुसऱ्या फळीच्या संघात) पन्नाशीच्या जवळपासच्या मुलांनाही अनेक शाळा संधी देतात.

ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारण्याच्या काठीचा, फटका पंचवीस यार्ड लांब जावा म्हणून महिनाभर घाम गाळण्यापेक्षा पट (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलण्याचे फटके) मोजा. ९ होलला १८ पट ही साधी अपेक्षा. बावीस-तेवीस होत असतील तर चार-पाच स्ट्रोक (फटके) तिथेच सांडताहेत. सरावातला निम्मा वेळ तीन फुटांचे पट, तीस फुटांवरून चेंडू होलजवळ आणणं आणि ग्रीनच्या कडेचे चिप (छोटे उचललेले फटके) यांना द्या. फेरी चालत खेळायची असते, पिशवी स्वतः उचलून किंवा पुश कार्टवर. ज्याने आजवर बाबांच्या बग्गीतूनच खेळ केला आहे, त्याचे पाय सातव्या होलला जड होतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना यूथ ऑन कोर्स या संस्थेचं सदस्यत्व घेतलं की सहभागी मैदानांवर ५ डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत फेरी मिळते. ट्रायआउटच्या आधीचे सहा आठवडे त्याचा भरपूर उपयोग करा.

पिशवीत १४ पेक्षा जास्त क्लब (गोल्फच्या काठ्या) नकोत. जास्त निघाले तर ज्या होलवर ते सोबत होते त्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोकचा दंड, कमाल चार. चेंडूंवर मार्करने स्वतःची खूण करा. दुसऱ्याचा चेंडू मारला तर दोन स्ट्रोक.

मुलं सर्वांत जास्त गोंधळतात ती हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूपाशी. समजा, टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांकडे गेला. तिथेच, पुढे शोधायला जाण्याआधी, सोबत्याला मोठ्याने सांगायचं, “प्रोव्हिजनल मारतोय,” आणि दुसरा, तात्पुरता चेंडू मारायचा. ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द उच्चारला नाही किंवा तसं स्पष्ट सांगितलं नाही तर तो दुसरा चेंडूच खेळातला ठरतो, पहिला सापडला तरी. शोधायला फक्त तीन मिनिटं. पहिला सापडला नाही किंवा बाहेर निघाला, तर मोजणी अशी: पहिला फटका एक, दंड एक, टीवरून पुन्हा मारलेला तिसरा. फेअरवेवरच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरच्या) त्या दुसऱ्या चेंडूवरचा पुढचा फटका चौथा. तिथे ‘तिसरा’ म्हणणारी मुलं पुष्कळ.

स्कोअरकार्डावर तुमचा स्कोअर सोबतचा खेळाडू लिहितो आणि तुम्ही त्याचा. सही करण्याआधी एकेक होल वाचून जुळवा. खऱ्यापेक्षा कमी आकडा देऊन कार्ड जमा झालं तर बाद; जास्त लिहिला गेला तर तोच कायम. पालकांनी बघायला जावं, पण लांबून. फेरी चालू असताना “सात नंबर घे” असं ओरडून सांगणं हा सल्ला ठरतो, आणि मुलाने तो मागून घेतला असेल तर दोन स्ट्रोक त्याच्या नावावर चढतात.

निवड झाल्यावर हंगाम चालू असताना बाहेरची कुठलीही स्पर्धा खेळायची असेल, तर नाव देण्याआधी प्रशिक्षकाला विचारा.