पार्श्वभूमी: बीटी कापसाचा परवाना आणि आठवड्यात मागे घेतलेली अधिसूचना

खरीप तोंडावर आला की नागपूर-वर्ध्याच्या कृषी केंद्रांत सरकीच्या पाकिटाच्या दरावर बोलणं होतं. त्या दरामागच्या परवान्यावर कुणी फारसं बोलत नाही.

1970 च्या पेटंट कायद्यात एक्सक्लुझिव्ह परवाना म्हणजे खुद्द पेटंटधारकालाही वगळून दिलेला हक्क. बीटीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाच्या, बाबतीत तसं घडलं नाही. 2002 मध्ये मंजुरी मिळाल्यावर अनेक बियाणे कंपन्यांना उपपरवाने मिळाले, त्यामुळे बाजार खुला वाटला. पण या परवान्यांची कक्षा होती संकरित कापसाचं बियाणं. संकरित सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर तसंच पीक येत नाही, सरळ म्हणजे संकर नसलेल्या वाणाची राखून पेरता येते. विदर्भाच्या कोरडवाहू शेतीला परवाना किती जणांकडे आहे यापेक्षा या एका अटीने जास्त बांधलं, असं माझं ठाम मत आहे.

वाद मात्र रॉयल्टीवर पेटला. डिसेंबर 2015 मध्ये दरनियंत्रण आदेश निघाला. मार्च 2016 मध्ये बीजी-2 च्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या बीटीच्या, 450 ग्रॅमच्या पाकिटाची किंमत 800 रुपये ठरली, त्यात ट्रेट व्हॅल्यू, म्हणजे तंत्रज्ञानाच्या मालकाला जाणारी रॉयल्टी, 49 रुपये.

18 मे 2016 ची केंद्र सरकारची अधिसूचना याच्याही पुढे गेली. पात्र कंपनीने मागितल्यास परवाना नाकारता येणार नाही, 30 दिवसांत दिला नाही तर तो मिळाला असं धरायचं, आणि ट्रेट व्हॅल्यू पहिली पाच वर्षं विक्रीदराच्या 10 टक्क्यांपर्यंतच, नंतर दरवर्षी उतरती. तंत्रज्ञानाच्या मालकांच्या बाजूने आक्षेप आला की हा मागच्या दाराने आणलेला सक्तीचा परवाना आहे, म्हणजे मालकाच्या मर्जीविरुद्ध दिलेला. पेटंट कायद्यात त्यासाठी कलम 84 आहे आणि तिथे तीन वर्षं थांबावं लागतं. आक्षेपात तथ्य होतं. पण देशातलं 90 टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली असताना परवाना नाकारणं म्हणजे त्या कंपनीला बाजाराबाहेर काढणंच, हेही तितकंच खरं. आठवड्याच्या आत अधिसूचना मागे घेऊन तिला हरकतींसाठीचा मसुदा ठरवलं गेलं. ही माघार घाईची होती. खासगी करारांतल्या अटी उघड्यावर आणून तपासण्याची संधी तिच्यासोबत गेली.

पुढे प्रकरण न्यायालयात रेंगाळलं. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात बीजी-2 चं पेटंट अवैध ठरलं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून दावा परत पाठवला. नोव्हेंबर 2019 मध्ये पेटंटची मुदतच संपली. 2020 च्या हंगामापासून ट्रेट व्हॅल्यू शून्य झाली.

पेटंट देशापुरतंच चालतं, आणि पहिल्या पिढीच्या बीटी जनुकाचं पेटंट भारतात कधी घेतलंच गेलं नव्हतं. म्हणजे संकरितची अट फक्त सही करणाऱ्यांना लागू होती. त्याच जनुकाची सरळ बीटी वाणं पुढे नागपुरातल्याच सार्वजनिक संशोधनातून आली. ती शेतापर्यंत पोचेस्तोवर गुलाबी बोंडअळी बीजी-2 लाही जुमानत नव्हती.