प्लेटॉनिक आणि अफलातून

प्लेटॉनिक हे विशेषण प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावरून इंग्रजीत बनलं आणि तिथून जसंच्या तसं मराठीत आलं. नाशकात कॉलेज रोडला कुठल्याही कट्ट्यावर बसा, "आमचं तसलं काही नाहीये, प्लेटॉनिक आहे" असं कोणीतरी म्हणतंच, म्हणजे जीव लावलाय पण शरीराचा किंवा लग्नाचा विषय नाही. आपल्याकडे निखळ मैत्री म्हणतात, लिखाणात अशरीरी प्रेम, पण घरी आईला सांगायची वेळ आली की पोरंपोरी इंग्रजी शब्दच काढतात, अवघडल्यासारखं कमी होतं.

प्लेटोचं (इ.स.पू. सुमारे ४२७ ते ३४७) म्हणणं मात्र जरा वेगळं होतं. त्याच्या 'सिम्पोझियम' या संवादात सॉक्रेटिस डायोटिमा नावाच्या बाईचं बोलणं सांगतो, की माणूस आधी एका सुंदर देहावर भाळतो, मग सगळ्याच सुंदर देहांत तेच सौंदर्य दिसायला लागतं, मग मनाचं, मग ज्ञानाचं, असं चढत चढत शेवटी निव्वळ सौंदर्यापर्यंत पोचतो. पहिली पायरी देहाचीच आहे! आजच्या वापरात नेमकी तीच गळालीय, आणि हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मनापासून वाटतं. प्लेटॉनिक प्रेम ही संज्ञा पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचिनोने लॅटिनमध्ये रूढ केली, इंग्रजीत ती १६३० च्या दशकात राणी हेन्रिएटा मारियाच्या दरबारात गाजली.

इंग्रजीत तत्त्वज्ञानाबद्दल लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल आणि मैत्रीबद्दल असेल तर सहसा स्मॉल. देवनागरीत ती सोय नाही, संदर्भावरूनच समजून घ्यायचं. भूमितीतल्या पाच प्लेटॉनिक घनाकृती (४, ६, ८, १२ आणि २० पृष्ठांच्या) पण प्लेटोच्याच नावाच्या.

आणि गंमत म्हणजे प्लेटोच्या नावाचं विशेषण मराठीत आधीपासूनच होतं, अफलातून! अरबीत 'प' नाही आणि शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून प्लाटोनचं (हे प्लेटोचं ग्रीक नाव) अफलातून झालं आणि फारसीतून आपल्याकडे आलं. हिंदीत "बडा अफलातून बनता है" हा टोमणा, मराठीत मात्र आज बहुतेक वेळा कौतुकच. गंगापूर रोडला मिसळीचा पहिला घास घेऊन "अफलातून!" म्हणणारा आणि शेजारच्या टेबलावर आपली मैत्री प्लेटॉनिक आहे हे समजावणारा, दोघं एकाच माणसाचं नाव घेत असतात. अफलातून क्रियाविशेषण म्हणूनही चालतं, "ती अफलातून गाते", प्लेटॉनिक बोलण्यात अजून प्रेम, मैत्री, नातं यांच्यापलीकडे फारसं गेलेलं नाही.