राउटरच्या पोटात निघालेलं लिनक्स

निळा-काळा, मागे दोन अँटेना असलेला लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर. २००३ मध्ये काही लोकांनी याचं फर्मवेअर, म्हणजे डब्यात आधीच भरलेलं सॉफ्टवेअर, उघडून बघितलं तर आत चक्क लिनक्स, ही सगळ्यांसाठी खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. आता लिनक्स कुणीही वापरावं, त्यावर बनवलेली वस्तू विकावी, पैसे मागायला कुणी येत नाही. पण त्याचं लायसन्स आहे जीपीएल, आणि जीपीएल म्हणतं की ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स कोडही (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) मिळाला पाहिजे, तुम्ही केलेल्या बदलांसकट. तो कोड कंपनीने दिलाच नव्हता. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली, त्यामुळे हे लचांड त्यांच्या गळ्यात पडलं, बरीच ओरड झाली आणि शेवटी कोड बाहेर आला.

पुढचं मला सगळ्यात भारी वाटतं. त्या कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं, लोकांनी जेमतेम ४ एमबी फ्लॅश मेमरी असलेल्या त्या डब्यात व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) काय, ट्रॅफिक कंट्रोल काय, काय काय बसवलं, आणि आज शेकडो मॉडेल्सवर ते चालतं. एका लायसन्समधल्या एका अटीमुळे!

सगळीच लायसन्स अशी कडक नसतात. एमआयटी लायसन्स म्हणजे दोन-तीन छोटे परिच्छेद, कोड घ्या, बदला, तुमच्या बंद प्रॉडक्टमध्ये घालून विका, फक्त मूळ लेखकाची कॉपीराइट नोटीस आणि लायसन्सचा मजकूर काढू नका, आणि काही बिघडलं तर त्याला जबाबदार धरू नका. बीएसडी लायसन्स साधारण तसंच. अपाचे २.० लायसन्समध्ये पेटंट वापरायची परवानगी पण लिहून दिलेली असते, म्हणून मोठ्या कंपन्यांना ते बरं वाटतं. अँड्रॉइडचंच बघा, खालचं लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) जीपीएलचं आणि वरचा बराचसा भाग अपाचेचा.

जीपीएलमध्ये एक फट मात्र आहे. अट लागते ती प्रोग्राम दुसऱ्याला दिला की, त्यामुळे कोड स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून फक्त वेबसाइट म्हणून चालवला तर सोर्स द्यावा लागत नाही. ती बुजवायला एजीपीएल नावाचं वेगळं लायसन्स आलं, त्यात बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड मागता येतो.

विकतच्या सॉफ्टवेअरचं गणित वेगळंच, तिथे आपण फक्त वापरायची परवानगी घेतो. लॅपटॉपसोबत येणारं ओईएम (बनवणाऱ्या कंपनीनेच घालून दिलेलं) विंडोज सहसा त्याच मशीनला बांधलेलं असतं, नव्या लॅपटॉपवर नेता येत नाही.

आणि कॉलेजच्या पोरापोरींनो, गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) टाकलेल्या प्रोजेक्टमध्ये लायसन्सची फाइलच नसेल तर तो सगळ्यांसाठी खुला आहे असं अजिबात नाही. कॉपीराइट आपोआप लागतो, लोक तो बघू शकतात, गिटहबवर फोर्क करू शकतात (स्वतःच्या खात्यात त्याची प्रत घेऊ शकतात), पण आपल्या कामात वापरायचा हक्क त्यांना मिळत नाही. लोकांनी वापरावं असं मनापासून वाटत असेल तर रिपॉझिटरी (प्रोजेक्टची गिटहबवरची जागा) बनवतानाच लायसन्स निवडायचा पर्याय येतो, तो रिकामा सोडू नका.