पट्टी, टीडीएल आणि रकान्यांची यादी : कोकणातील हिशेबाच्या सॉफ्टवेअरला पडलेल्या जोडण्यांची पार्श्वभूमी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील आंबा-काजूचे व्यापारी गेली काही वर्षे एकच मागणी वारंवार करत आहेत. हिशेबाच्या संगणकातील माहिती मोबाइलवर दिसावी, बागायतदाराची पट्टी, म्हणजे त्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, व्हॉट्सॲपवरून जावी आणि काट्यावरचे वजन हाताने न लिहिता थेट खरेदीच्या नोंदीत उतरावे, अशी ती मागणी आहे. तांत्रिकदृष्ट्या यातले काहीही अवघड नाही. तरीही प्रत्यक्ष कामाला हात घातला की ते बहुधा एकाच ठिकाणी अडते, आणि ती अडचण नव्या ॲपमध्ये नसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मूळ सॉफ्टवेअरला जोडलेल्या एखाद्या छोट्या फाइलीत ती दडलेली असते. ती फाइल कशी आली, कोणी ठेवली आणि तिच्यात काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय आजचा तिढा उलगडत नाही.

तयार सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्याने आपल्या गरजेची भर घालावी, ही कल्पना जुनी आहे. १९८०च्या दशकातील स्प्रेडशीटमध्ये मॅक्रो लिहिता येत, १९९३ मध्ये एक्सेलला व्हिज्युअल बेसिकची जोड मिळाली, आणि २००४ मध्ये वर्डप्रेसने प्लगइनची सोय दिली. कोकणातील पेढ्यांवर मात्र ही कल्पना टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने आली. टॅलीचा उगम १९८६चा आणि बेंगळूरचा. किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत संगणक सर्रास दिसू लागले ते १ एप्रिल २००५ रोजी राज्यात मूल्यवर्धित कर लागू झाल्यानंतर. ताज्या आंब्यावर कर नव्हता. पण आंब्याच्या पेढीवर खते, फवारणीची औषधे, पुठ्ठ्याचे खोके असा करपात्र मालही असे आणि त्याचे विवरणपत्र भरावे लागे. करसल्लागाराने सांगितले म्हणून संगणक आला, आणि संगणक आला म्हणून आंब्याचा हिशेबही त्यावर घेण्याची इच्छा झाली.

तेथेच पहिली अडचण उभी राहिली. मूळ सॉफ्टवेअरला डझन कळतो, कारण डझनात बारा नग असतात आणि ते बदलत नाहीत. पेटी मात्र चार डझनांची असते, पाचाची असते, सहाची असते. फळ जितके मोठे तितके डझन कमी. संयुक्त एकक तयार करताना सॉफ्टवेअर एकच कायमचे गुणोत्तर मागते, आणि पेटीचे गुणोत्तर कायम नसते. शिवाय व्यापाऱ्याला साधे बिल नको होते, पट्टी हवी होती. पट्टीत बागायतदाराचा मार्का (पेटीवरची त्याची खूण), गाडीचा क्रमांक, प्रत्येक प्रतवारीच्या पेट्या आणि त्यांचा भाव येतो. मग त्यातून मोटारभाडे, हमाली, तोलाई आणि २०१६ पर्यंत अडत (विक्रीवरची दलाली) वजा होते. मोसमाआधी घेतलेली उचलही वळती केली जाते आणि उरलेला आकडा खाली लिहिला जातो. कित्येकदा तो उणे असतो. हा कागद बागायतदार वर्षानुवर्षे जपून ठेवतो आणि तो मराठीतच हवा असतो. इंग्रजी ‘सेल्स इन्व्हॉइस’ दाखवून त्याचे समाधान करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

ही पट्टी टॅलीत बसवण्यासाठी जे लिहिले गेले ते टीडीएल. टीडीएल ही टॅलीची स्वतःची भाषा आहे. टॅलीचे पडदे आणि अहवाल तिच्यातच मांडलेले आहेत; त्यामुळे मूळ पडद्याचे नाव घेऊन त्यात दोन रकाने वाढवा किंवा छपाईचा नमुना बदला, असे बाहेरून सांगता येते. सुरुवातीची पद्धत अगदी साधी होती. नोटपॅडमध्ये मजकूर लिहायचा, तो फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि टॅलीच्या सेटिंग ठेवणाऱ्या आयएनआय फाइलीत ‘यूजर टीडीएल’पुढे ‘येस’ व खालच्या ओळीत त्या मजकुराच्या फाइलीचा पत्ता लिहायचा. पुढच्या वेळी टॅली उघडली की विक्रीच्या नोंदीत ‘मार्का’ आणि ‘डझन’ हे रकाने हजर असत. छपाईसाठी फॉन्टचे नाव देता येई, म्हणून श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मराठी पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन लावून निघे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक समूह होऊन दिसे. एका अर्थाने पुढे जे घडले त्याची ही आगाऊ सूचना होती.

आता त्या शब्दाविषयी. ‘टीडीएल’ हे भाषेचे नाव आहे, पण बाजारात तो शब्द निदान चार अर्थांनी चालतो. ‘टीडीएल टाकून घेतली’ म्हणजे सोय मिळाली. ‘टीडीएल उडाली’ म्हणजे फाइल हरवली किंवा चालेनाशी झाली. ‘टीडीएलचे द्यायचे राहिले’ म्हणजे ते काम करणाऱ्याचा मेहनताना. आणि ‘टीडीएलमधली माहिती’ म्हणजे त्या वाढीव रकान्यांत व्यापाऱ्याच्या माणसांनी भरलेल्या नोंदी. यांपैकी शेवटचा अर्थ वस्तुतः चूक आहे, आणि बहुतेक वाद त्या चुकीतून जन्मतात. मार्का, डझन, गाडीचा क्रमांक या नोंदी टीडीएलच्या फाइलीत नसतात. त्या व्यापाऱ्याच्या कंपनीच्या डेटातच साठतात. टीडीएलमध्ये असते ती केवळ त्या रकान्यांची ओळख. अशा वाढीव रकान्याला यूडीएफ म्हणतात आणि प्रत्येक यूडीएफला एक क्रमांक द्यावा लागतो. कोणत्या क्रमांकाचा रकाना म्हणजे मार्का आणि कोणता म्हणजे गाडी, हे फक्त टीडीएलला ठाऊक असते. टीडीएल काढली तर नोंदी नष्ट होत नाहीत, पण पडद्यावर दिसत नाहीत. आणि टीडीएलशिवाय डेटा एक्सएमएलमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुराच्या साच्यात) बाहेर काढला तर त्या जागी ‘यूडीएफ’ आणि पुढे एक लांबलचक आकडा एवढेच येते. दोन वेगळ्या गावच्या दोन प्रोग्रामरांनी नकळत एकाच प्रकारच्या रकान्याला एकच क्रमांक दिला, तर एकाच्या गाडीच्या क्रमांकाच्या जागी दुसऱ्याचा मार्का जाऊन बसतो. असे झालेले मी एकाहून अधिक पेढ्यांवर पाहिले आहे.

या पार्श्वभूमीवर, मूळ मजकूर न देता संकलित फाइल देण्याचा जो प्रघात पडला, तो आजवर सर्वांत जास्त वादाचा ठरला आहे. टीडीएलचा मजकूर टीसीपी या प्रकारच्या बंद फाइलीत रूपांतरित करता येतो आणि ती फाइल ठरावीक परवाना क्रमांकाशी बांधून टाकता येते. तिच्यात काय लिहिले आहे ते वाचता येत नाही आणि दुसऱ्या परवान्यावर ती चालत नाही. प्रोग्रामरांची बाजू समजण्यासारखी आहे. काम बारीक, मोबदला बेताचा, आणि मजकूर उघडा दिला की एकाच मोसमात तीच फाइल पेनड्राइव्हवरून साऱ्या बाजारपेठेत फिरायची. व्यापाऱ्याची बाजूही तितकीच सरळ आहे. पैसे मोजले, नमुना आपण सांगितला, हमालीचा आणि उचलीचा हिशेब कसा धरायचा हे आपल्या मुनीमजींनी दोन दिवस बसून समजावले. मग फाइल परकी कशी?

कायदा येथे व्यापाऱ्याच्या समजुतीला साथ देत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घेतलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक तो लिहिणाराच असतो. मालकी पैसे देणाऱ्याकडे यायची तर तसे सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांसाठीच आहे असे मानले जाते. नोकरीवर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिले असेल तर गोष्ट वेगळी, पण कोकणातील पेढीवर प्रोग्रामर नोकरीला नसतो. तो कोल्हापूरहून किंवा मुंबईहून मोसमाआधी एकदा येऊन जातो. मात्र ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत रीतसर आली आहे, त्याला ती हरवू नये म्हणून राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा हाच कायदा देतो. व्यवहारात मालकीच्या वादापेक्षा ही मुभा अधिक उपयोगी होती, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले.

मला स्वतःला या वादात मजकुराचा प्रश्न दुय्यम वाटतो. प्रोग्रामरने आपली रचना बंद ठेवावी, त्याचा तो हक्क आहे. पण कोणत्या क्रमांकाचा रकाना म्हणजे काय, ही यादी त्याची रचना नव्हे. ती व्यापाऱ्याच्या चोपडीच्या रकान्यांचे मथळे आहेत. पट्टीसाठी लिहिलेल्या एखाद्या टीडीएलची अशी यादी वहीच्या एका पानात मावते. ते पान काम पुरे होतानाच हातात द्यावे, असा पायंडा २००५ ते २०१५ या दहा वर्षांत पडला असता, तर नंतरच्या दोन्ही मोठ्या बदलांत आणि एका संकटात पुष्कळांचे हाल वाचले असते.

पहिला मोठा बदल जुलै २०१६चा. राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. पट्टीतील एक वजावट त्यामुळे रद्द झाली. ज्यांच्याकडे उघडा मजकूर होता त्यांना दोन ओळी बदलायच्या होत्या. बंद फाइल असलेल्यांना तोच प्रोग्रामर शोधावा लागला, आणि तो सापडेपर्यंत काहींनी अडतीच्या रकान्यात शून्य भरून पट्ट्या काढल्या.

वर्षभरात, १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला. त्याचा कोकणातील खास भाग काजूचा. न सोललेली काजू बी शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने घेतली, तर त्यावरील ५ टक्के कर व्यापाऱ्यानेच उलट पद्धतीने भरायचा आणि खरेदीचे बीजकही स्वतःच स्वतःला द्यायचे, असा नियम झाला. मार्च-एप्रिलमध्ये वेंगुर्ला, सावंतवाडी, लांजा, राजापूर या पट्ट्यात कारखान्याच्या काट्यावर शेतकरी पाच किलोंची पिशवीही आणतो आणि पन्नास किलोंचे पोतेही. प्रत्येकासाठी काटा पावती, त्यावरून नोंद, त्यावरून बीजक, हे हाताने करणे जवळपास अशक्य होते. म्हणून इलेक्ट्रॉनिक काट्याच्या सिरियल पोर्टवरून वजन उचलणारा छोटा प्रोग्राम आणि ते वजन नोंदीत घालणारी टीडीएल, अशी जोडी बसवली गेली. काजूगराच्या बाजूने डब्ल्यू १८०, २४०, ३२० अशा प्रती, म्हणजे एका पौंडात साधारण किती अख्खे गर भरतात त्यावरून ठरलेले वर्ग, वेगळ्या टीडीएलमध्ये होते. परराज्यात जाणाऱ्या मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, आले. अशा रीतीने एकाच टॅलीवर वेगवेगळ्या लोकांच्या तीन-चार फाइली साचल्या, आणि यूडीएफच्या क्रमांकांची टक्कर हा रोजचा विषय झाला.

संकट आले ते २२ जुलै २०२१ रोजी. वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरचे संगणक चिखलात गेले. एका आंबा व्यापाऱ्याने पेनड्राइव्हवरचा बॅकअप घरी, वरच्या मजल्यावर ठेवला होता. पाणी ओसरल्यावर नवा संगणक आणून आम्ही तो बॅकअप चढवला. खाती उघडली, शिल्लक जुळली, बँकेचा मेळ बसला. मग त्यांनी एका बागायतदाराची मे महिन्यातली पट्टी उघडायला सांगितली. पडद्यावर रक्कम आली, पण मार्का नव्हता, प्रतवारी नव्हती, गाडी नव्हती. टॅलीचा बॅकअप कंपनीच्या डेटाचा असतो. टीडीएलची फाइल त्यात येत नाही, आणि ती बुडालेल्या संगणकाच्या डिस्कवर एकमेव होती. पावसाळ्यात बागायतदारांचे मोसमाचे हिशेब मिटतात. त्या वर्षी ते बागायतदारांनी आणून दाखवलेल्या कार्बनच्या प्रतींवरून मिटवावे लागले.

त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २०२० मध्ये, टॅलीची नवी आवृत्ती टॅलीप्राइम आली होती. पडद्यांची मांडणी बदलली आणि जुन्या पडद्याचे नाव घेऊन लिहिलेल्या अनेक फाइली जशाच्या तशा चालेनात. पुढे ई-इन्व्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बीजकाची, उलाढालीची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली, तेव्हा काजूच्या मध्यम कारखान्यांनाही नव्या आवृत्तीवर जाणे भाग पडले.

मोबाइल ॲपची आजची मागणी या सगळ्यावर येऊन उभी आहे. टॅली चालू असलेल्या संगणकाला बहुधा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर विचारणा केली की ती एक्सएमएलमध्ये उत्तर देते; ॲप तेवढ्यावर चालते. ज्या पेढीकडे रकान्यांची यादी आहे तेथे पट्टी मोबाइलवर आणणे हे काही दिवसांचे काम असते. जेथे ती नाही तेथे जुन्या मोसमाची एक छापील पट्टी समोर घ्यायची, त्याच तारखेची नोंद एक्सएमएलमध्ये काढायची आणि एकेक आकडा जुळवत बसायचे. ज्या क्रमांकाखाली ४, ५, ६ असे आकडे ओळीने येतात तो डझनांचा, आणि ज्याखाली ‘एमएच ०८’ दिसते तो गाडीचा. हमाली आणि तोलाई दोन्ही पेटीमागे ठरलेल्या रकमा असल्याने त्या दोन रकान्यांतील कोणता कोणता, हे ठरवायला निराळ्या मोसमांच्या निदान तीन पट्ट्या लागतात.