रोडगा जाळावर नाही, आरावरच का भाजायचा

मागच्या हिवाळ्यात वावरात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, कार्यक्रम होता, चंपाषष्ठीच्या आसपास, आणि गोवऱ्या पेटवायचं काम माझ्याकडे आलं. लवकर पेटाव्या म्हणून खाली पऱ्हाट्या-तुराट्यांचा, म्हणजे कापसाच्या न तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा घातला, जाळ कमरेएवढा झाला आणि पाहुणे यायची वेळ झाली म्हणून मी त्या जाळाच्या कडेलाच पंधरा-वीस रोडगे लावून टाकले. मोठी माय चुलीपासून ओरडली, "जाय निवू दे ना रे पह्यले! आरावर भाजतात रोडगे, जायावर नाई!" आर म्हणजे जाळ बसल्यावर उरणारे लाल निखारे. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एक फोडला तर वरून कोळसा आणि आत बोट घातलं तर कणीक बोटाला चिकटली.

मोठ्या मायचं म्हणणं नेमकं का खरं आहे हे समजलं की घरचा ओव्हन, कुकर, तवा सगळंच हाताळायला सोपं जातं, म्हणून हे लिहितो.

रोडगा म्हणजे खरं तर बेकिंगच आहे. बाहेरून उष्णता देऊन आतला ओला गोळा शिजवायचा आणि वरची पापडी खमंग करायची. पण ही दोन कामं दोन वेगवेगळ्या तापमानाला होतात आणि अडचण तिथेच आहे. गव्हातला स्टार्च साधारण 60 अंशाच्या पुढे पाणी पिऊन फुगायला लागतो, प्रोटीन 70-75 च्या आसपास घट्ट व्हायला लागतं, आणि आतला भाग 95 अंशापर्यंत गेला म्हणजे तो पुरता शिजला समजा. आत पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 च्या वर जातच नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, मग तुम्ही बाहेर कितीही जाळ करा. वरची पापडी मात्र वाळली की लगेच 140-150 पर्यंत चढते, आणि तिथे पिठातलं प्रोटीन आणि साखर एकमेकांशी रिअ‍ॅक्शन करून तो तांबूस रंग आणि भाजल्याचा वास तयार होतो. याला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात, लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली ती मांडली. भाकरीचे डाग, भाजलेले शेंगदाणे, ब्रेडची कड, या सगळ्यामागं तीच आहे. त्याच्याही फार पुढे गेलं की उरतो तो नुसता कोळसा.

म्हणजे बाहेरची उष्णता इतकीच पाहिजे की आतला भाग शिजेपर्यंत वरचा करपू नये. कणकेतून उष्णता फार हळू आत सरकते, आणि जाडी दुप्पट केली तर आतपर्यंत पोचायला दुप्पट नाही, जवळपास चौपट वेळ लागतो. म्हणून काही रोडगे मोठे आणि काही बारके केले की अर्धे कच्चे राहतात न अर्धे करपतात. सगळे एका मापाचे करा, हा नियम बिस्किटाला आणि बट्टीलाही लागू.

आता गोवरी. पऱ्हाटी भडकते आणि लवकर विझते, जाळ वाऱ्यानं इकडेतिकडे पळतो, एका बाजूला चटका दुसऱ्या बाजूला थंड. गोवरी मात्र जाळ गेल्यावर तासभर धुमसत राहते. उघडा लाल आर 600-700 अंशाचा असतो, त्यावर रोडगा थेट ठेवला तर तोही करपेल, पण त्याच्यावर जी करड्या राखेची साय धरते ना, तीच खरी कामाची. गोवरीची राख भुसभुशीत असते, तिच्यात हवा अडकलेली असते, रजईतल्या कापसासारखी, त्यामुळे उष्णता अडून अडून, मंद आणि सगळीकडून सारखी येते. मोठी माय आर पसरवते, राख धरली की रोडगे ठेवते, वरून पुन्हा गरम राख-आर लोटते आणि मधून मधून फिरवते. खालून-वरून दोन्हीकडून उष्णता, ओव्हनमध्ये दोन रॉड असतात ते याचसाठी. एक मात्र सांगतो, धुमसणाऱ्या गोवरीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, म्हणून हे काम उघड्या वावरातच करा, बंद खोलीत किंवा गोठ्यात अजिबात नाही.

पिठाचंही महत्त्व तितकंच आहे. रोडग्याला कणीक जाडी दळतात. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रोटीन असतात, पाणी घालून मळलं की त्यांची जाळी तयार होते, ते ग्लुटेन. जाड कण आणि कोंडा ही जाळी मधे मधे तोडतात, मोहनाचं तेल पिठाच्या कणांवर बसून पाण्याला प्रोटीनपर्यंत जाऊ देत नाही, म्हणून रोडगा चिवट न होता खुसखुशीत होतो. आपल्या लांब पोळीचं याच्या अगदी उलट, तिथे बारीक पिठाची सैल कणीक आपटून आपटून ग्लुटेन इतकं वाढवतात की ती हातावर कोपरापर्यंत लोंबते पण फाटत नाही. ज्वारीत तर ग्लुटेन नाहीच, म्हणून भाकरीला उकळतं पाणी घालतात, थोडा स्टार्च आधीच शिजून चिकट होतो आणि भाकर थापता येते.

जाड पीठ पाणी हळू पितं, त्यामुळे मळून अर्धा तास तरी झाकून ठेवा. घाईत कणीक कोरडी वाटते, माणूस पाणी वाढवतो, आणि मग आत गचका राहतो. रोडग्यात छोट्या पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवतात, ते तेल पदर चिकटू देत नाही, आणि भाजताना कणकेतल्या पाण्याची वाफ होऊन पदर उचलते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटीपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून सोडा न घालताही रोडगा पदरापदरानं सुटतो.

घरी करायचे तर ओव्हन 180 अंशावर आधी दहा मिनिटं तापू द्या, मगच रोडगे ठेवा, साधारण लिंबाएवढ्यांना अर्धा-पाऊण तास लागतो, अर्ध्या वेळात पलटा. झाले का ते रंगावरून ठरवू नका, एक दाबून पाहा, भेग पडून आत कोरडे पदर दिसले पाहिजेत. बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटं फडक्यात गुंडाळून ठेवा, कारण आतली उष्णता अजून काम करत असते, मग मुठीनं फोडून वरून तूप सोडा, वांग्याची भाजी वाढा.