बाटली झाकली की जिभेला काय कळतं?

गेल्या शनिवारी मानपाड्याला आमच्या घरी वहिनीने तीन ग्लासांना बाहेरून फॉइल गुंडाळलं, बुडाला पट्टी चिकटवून आकडे लिहिले, वर बशा झाकल्या आणि ती आत निघून गेली. मग आम्ही चौघं टेबलाशी आलो. ओतताना आम्ही पाहायचं नाही आणि आम्ही चाखताना ओतणाऱ्याने समोर थांबायचं नाही, हे मी आधीच ठरवून दिलं होतं. उत्तर माहीत असलेल्या माणसाचा चेहरा ते सांगून टाकतो. चकणाही नंतर; जिभेवर तिखट-मीठ असलं की बारीक चवी लागत नाहीत.

व्हिस्की दोनच होत्या. दोन्ही स्कॉच, एकाच डिस्टिलरीच्या. एक १२ वर्षं मुरलेली, दुसरी १८ वर्षं. दुसरीची किंमत पहिलीच्या जवळजवळ तिप्पट. दोन ग्लासांत एकच, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कुठली ते शोधायचं, असं प्रत्येकाने सहा वेळा. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत हीच ट्रँगल टेस्ट वापरतात. नुसता अंदाज मारला तरी सहापैकी सरासरी दोनदा बरोबर येतंच. सहापैकी पाच किंवा सहा वेळा निव्वळ नशिबाने जमण्याची शक्यता मात्र दोन टक्क्यांहूनही कमी, म्हणून तेवढं जमलं तरच ‘फरक कळतो’ म्हणायचं.

फॉइल रंग लपवण्यासाठी. स्कॉचमध्ये कॅरमेल घालून रंग गडद करायला कायद्याने मुभा आहे, तेव्हा गडद म्हणजे जुनी असं मुळीच नाही. पण डोळ्यांनी एकदा ठरवलं की नाकाचं काही चालत नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला, तर वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिच्या वासाला रेड वाइनची विशेषणं लावली. हा अभ्यास २००१चा.

मला सहापैकी तीनदा जमलं. बाकीच्यांचंही तसंच. कुठली जास्त आवडली म्हणाल, तर तिघांनी १२ वर्षांवाल्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

यावरून सगळ्या व्हिस्की सारख्याच, असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. पुढच्या फेरीत मी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर सुकवलेल्या बार्लीची व्हिस्की ठेवली. ती चौघांनीही प्रत्येक वेळी ओळखली, बशी उचलताक्षणी. त्या धुरातलं ग्वायाकॉल नावाचं रसायन आणि त्याच्या जातीची फिनॉल्स अगदी थोडी असली तरी नाकाला कळतात. फरक असतो आणि तो कळतोही. किमतीच्या चढत्या क्रमाने तो लागत नाही, एवढंच.

मग पैसे कशाचे? बरेचसे वाट पाहण्याचे. स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के द्रव उडून जातो. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. या वेगाने शंभर लिटरमधले तीसेक लिटर १८ वर्षांत हवेत जातात, आणि गोदामाचं भाडं तेवढी वर्षं चालूच. बंगळुरूच्या उन्हात हाच वाटा वर्षाला दहा टक्क्यांच्या वर जातो. व्हिस्की तिथे लवकर मुरते, आणि पिंप रिकामंही लवकर होतं. त्यामुळे लेबलवरच्या वर्षांची तुलना दोन देशांमध्ये करूच नये. उरलेला मोठा भाग कराचा. नोव्हेंबर २०२१मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. बाटली स्वस्त झाली, आत होतं ते तसंच राहिलं.

शेवटी वहिनीने फॉइल सोडलं आणि कुठल्या ग्लासात काय ते वाचून दाखवलं. भाऊजींनी १८ वर्षांचा ग्लास पुन्हा उचलला, एक घोट घेतला, जरा थांबले. “आता जास्त गोल लागतेय,” म्हणाले, म्हणजे कमी बोचरी. दादा हसला, पण भाऊजी खोटं बोलत नव्हते. कॅलिफोर्नियात २० जणांना एमआरआय यंत्रात झोपवून नळीने वाइन पाजली होती. तीच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० ऐकल्यावर त्यांना ती जास्त आवडलीच, शिवाय कपाळामागचा, सुखद अनुभवाची नोंद घेणारा मेंदूचा भागही जास्त सक्रिय झाला. तो निष्कर्ष २००८मध्ये छापून आला. भाऊजींच्या ग्लासातली व्हिस्की तीच होती. त्यांना ती खरोखरच जास्त गोल लागत होती.