'कस्टमरचं काम सोपं करा' हे कुठून आलं: एका क्लिकची पार्श्वभूमी

हल्ली मार्केटिंगच्या कुठल्याही मीटिंगमध्ये बसा, दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, कस्टमरसाठी सोपं करा. पण सोपं काय करायचं, याचं उत्तर टेबलावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. एकाला वाटतं निवड सोपी करायची, म्हणजे चार वस्तूंमधली आपल्या कामाची कुठली हे त्याला पटकन कळलं पाहिजे. दुसऱ्याला वाटतं घेणं सोपं करायचं, म्हणजे त्याने विचार बदलायच्या आत पैसे आले पाहिजेत. दोन्हीला शब्द एकच, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. तो जुना आहे.

फार मागचं थोडक्यात. छापील ठरलेली किंमत आली, मग १९१६ मध्ये गिऱ्हाइकाने स्वतः फिरून शेल्फवरून वस्तू उचलायचं पहिलं मोठं दुकान निघालं, आणि तोवर सल्ला देणारा काउंटरमागचा माणूस गेला, त्याचं काम पाकिटावरच्या लेबलवर आलं. १९५६ मध्ये एका अभ्यासकाने मांडलं की माणूस सगळ्यात उत्तम शोधत बसत नाही, 'चालेल' असं काही मिळालं की थांबतो. १९७४ च्या एका प्रयोगात दिसलं की माहिती वाढवली तर लोक जास्त खूश असतात पण निवड मात्र तितकी चांगली करत नाहीत, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. १९९८ च्या सुमारास एका कॉम्प्युटर कंपनीने डझनावारी मॉडेलं बंद करून चार चौकोनांचा तक्ता दाखवला: घरच्यांसाठी आणि कामवाल्यांसाठी, टेबलावरचा आणि उचलून न्यायचा. ही खरी निवड सोपी केली, चौकोन सापडला की मशीन सापडलं.

आता मुद्द्याचं. त्याच सुमारास एका ऑनलाइन दुकानाने सप्टेंबर १९९७ मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला आणि २८ सप्टेंबर १९९९ ला ते त्यांना मिळालं. एका क्लिकमध्ये ऑर्डर. कस्टमरचा पत्ता आणि कार्ड आधीच सर्व्हरवर ठेवलेलं, ब्राउझर ओळख पटवतो, वस्तूच्या पानावर बटण दाबलं की झालं. पेटंटच्या दाव्यात, म्हणजे नेमकं काय आपलं ते सांगणाऱ्या मजकुरात, मुद्दाम लिहिलेलं की ही ऑर्डर शॉपिंग कार्ट न वापरता होते. त्या काळात कार्ट म्हणजे टोपलीत टाका, टोपली उघडा, पत्ता भरा, कार्ड भरा, पुन्हा तपासा, मग कन्फर्म. मी काही वर्षं चेकआउटचीच पानं बनवली आहेत, त्यामुळे सांगतो, प्रत्येक पानावर थोडे लोक गळतात आणि कुपन कोडचा रिकामा चौकोन दिसला की आणखी गळतात, कारण कोड शोधायला म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये गेलेला माणूस परत येतोच असं नाही. एक क्लिक म्हणजे ही सगळी गळती एकदम बंद.

पेटंट मिळाल्यावर महिनाही झाला नव्हता आणि त्यांनी पुस्तकं विकणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्यावर केस टाकली. डिसेंबर १९९९ मध्ये कोर्टाने तात्पुरती मनाई दिली, ऐन सणाच्या सीझनमध्ये, आणि त्या प्रतिस्पर्ध्याने काय केलं, तर एक क्लिक वाढवला! बस, एवढ्याने पेटंटमधून सुटका. एका जास्तीच्या क्लिकवर कायदा अडतो यातच या 'शोधा'चं खरं माप कळतं असं मला तरी वाटतं. लोकांनी तेव्हा भरपूर शिव्या घातल्या, बहिष्काराच्या हाका झाल्या, आणि मार्च २००० मध्ये दुकानाच्या संस्थापकाने स्वतःच जाहीर पत्रात सुचवलं की सॉफ्टवेअरच्या पेटंटची मुदत तीन ते पाच वर्षंच असावी. स्वतःचं पेटंट मात्र सोडलं नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये वरच्या कोर्टाने मनाई उठवली, पेटंट टिकेल का यावरच शंका घेतली, २००२ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं. मग २००६ मध्ये एका बाहेरच्या माणसाच्या मागणीवरून पेटंट ऑफिसात फेरतपासणी, २००७ मध्ये बरेचसे दावे नाकारले, २०१० मध्ये दुरुस्त करून पुन्हा मान्य. युरोपात ते २०११ मध्ये फेटाळलं गेलं, यात नवं काय असं म्हणून. सप्टेंबर २०१७ मध्ये मुदत संपली आणि मग हे सगळ्यांचं झालं.

इतक्या वर्षांच्या या भांडणात एकाही बाजूने विचारलं नाही की क्लिक कमी झाल्याने कस्टमरची निवड सुधारली का. सुधारायचा प्रश्नच नव्हता, कारण निवड त्या बटणाच्या आधीच झाली होती, चांगली किंवा वाईट. तरी प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये निर्णय सोपा करण्याचं उदाहरण म्हणून हाच क्लिक येतो.

मध्येच २००० साली दुकानात जॅम चाखायला ठेवण्याचा एक प्रयोग छापून आला, २४ प्रकार मांडले तर चाखणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांनी घेतलं आणि ६ मांडले तर ३० टक्क्यांनी. सगळ्यांनी यातून 'पर्याय कापा' एवढंच उचललं. २०१० मध्ये असे ५० प्रयोग एकत्र तपासले तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला, २०१५ च्या तपासणीत मग कळलं की जास्त पर्यायांचा त्रास कधी होतो, उदाहरणार्थ तुलना अवघड असेल किंवा आपल्याला काय हवं हेच माणसाला माहीत नसेल तेव्हा. म्हणजे आकडा २४ आहे की ६ हा मुद्दाच नव्हता, पण स्लाइडवर ६ छान दिसतो.

२००९ मध्ये गाजलेलं दुसरं उदाहरण: एका मोठ्या दुकानाने चेकआउटमधलं 'रजिस्टर' बटण काढून 'पुढे चला' ठेवलं आणि शेजारी लिहिलं की अकाउंट उघडायची गरज नाही, तर खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. हेही घेणंच सोपं केलं, पण निदान कोणाला फसवलं नाही. मग २०१२ मध्ये ७००० हून जास्त ग्राहकांच्या सर्व्हेवर आधारलेला एक लेख आला, त्यात निवड किती सोपी आहे याचं सरळ मोजमाप दिलं: विश्वास ठेवण्याजोगी माहिती सहज मिळते का आणि पर्याय तोलता येतात का. किती क्लिक लागतात हे त्या मोजमापात नाही. ऐकलं फारच थोड्यांनी.

ऐकलं ते दुसऱ्या बाजूचं, म्हणजे घेणं सोपं करण्याचं, आणि ते फसवण्यापर्यंत गेलं. २०१० मध्ये फसव्या डिझाइनसाठी 'डार्क पॅटर्न' हा शब्द निघाला, युरोपात जून २०१४ पासून आधीच टिक करून ठेवलेल्या चौकोनातून जादा पैसे घ्यायला बंदी आली. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम झाला की मेंबरशिप घेणं जितकं सोपं तितकंच ती बंद करणंही हवं, पण तो लागू व्हायच्या काही दिवस आधी, जुलै २०२५ मध्ये, कोर्टाने प्रक्रियेतल्या चुकीवरून रद्द केला. आणि एका क्लिकचं पेटंट घेणाऱ्या त्याच दुकानावर २०२३ मध्ये सरकारी खटला झाला. आरोप असा, की मेंबर व्हायला एक-दोन क्लिक, आणि बाहेर पडायला चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी चूक कबूल न करता २.५ अब्ज डॉलर द्यायचं मान्य करून ते मिटवलं.